तिसऱ्या मजल्यावरचा हरिपाठ

“काकू, काल तुमचं भजनी मंडळ कुणाकडे होतं? पखवाज पार आमच्या गॅलरीत ऐकू येत होता.”

“तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे गं. एचए या औषधांच्या कंपनीत जन्म काढलेल्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून खाली उतरल्याच नाहीत. या जुन्या बिल्डिंगींना लिफ्ट कुठली? 2022 पासून संत तुकारामनगरातून मेट्रो पळते, पण आजींचं पुणं अजून तीन जिने खालीच राहिलंय.”

“म्हणून देऊळच वर नेलंत?”

“दर गुरुवारी एकेका घरी जातो. ज्यांचं येणं बंद झालंय त्यांच्याकडे. आधी मीच म्हटलं होतं, मोबाइलवर लाइव्ह लावून देऊ. तर आजींनी मोबाइल पालथा ठेवला. म्हणाल्या, ‘यात टाळ ऐकू येतो, पण तुमच्यातलं कोण म्हातारं झालं ते दिसत नाही.’”

“पण सुनेला चालतं का हो? संध्याकाळची वेळ, वर आठ-दहा माणसं.”

“चालतंय कसलं! पहिल्या गुरुवारी उपम्याचा टोप भरून ठेवलान, आणि तोंड फुगवून बसली. तिचं तरी काय चुकलं? कामावरून दमून यायची, नवरा चाकणला सेकंड शिफ्टला. मग आम्ही नियमच केला, पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. आमच्या विणेकरी बुवांना जड गेलं. चहाशिवाय म्हणे आवाज लागत नाही.”

“मला वाटतं, नाही जमत देवळात यायला तर घरी बसून नाव घ्यावं. देवाला काय कळत नाही?”

“चिंचवडच्या शेजारी राहून असं बोलतेस? मोरया गोसावी चिंचवडहून मोरगावला वारी करायचे. वय झालं, पाय उचलेनात. तेव्हा देव काय म्हणाला, घरी बसून नाव घे? तो म्हणाला, तू दमू नकोस, मीच येतो. कऱ्हेत स्नान करताना मूर्ती हाती आली, ती त्यांनी चिंचवडला आणली, अशी कथा आहे. मंगलमूर्ती वाड्यात तीच. देवानं एवढं केलं, आणि आपल्याला तीन जिने जड?”

“ख्रिस्ती लोकांत आहे बघा ही पद्धत. आमच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंकडे फादर येतात, कम्युनियन घेऊन.”

“आहे ना. आपल्यात माणूस यायचा थांबला की सगळे समजतात, मुलाकडे गेला असेल. संपलं! आजींनी तर याहून भारी सांगितलं. त्यांच्या वडिलांना प्लँचेटचा भारी नाद. मुंबईत व्ही. डी. ऋषी म्हणून होते, त्यांनी इंडियन स्पिरिच्युअलिस्ट सोसायटी काढली होती. आजींच्या घरात असल्या पुस्तकांची चळतच. रात्री दिवा बारीक करून गेलेल्या आत्याला बोलवायचे. आणि आतल्या खोलीत जिती म्हातारी पाण्यासाठी हाका मारत असायची, तिला कुणी ओ द्यायचं नाही! हे सांगताना आजींना हसू आवरत नाही. शेवटी म्हणतात, ‘मला मेल्यावर बोलवू नका, काय बोलायचंय ते आत्ता येऊन बोला.’”

“मग बोलता काय तुम्ही तिथं?”

“हरिपाठ अर्ध्या-पाऊण तासात होतो. तो त्यांना पाठच आहे, उलट आमचाच एखादा अभंग सुटला तर त्या पकडतात. त्यांना हव्या असतात बातम्या. कुणाच्या नातीचं ठरलं, मंडईत मेथी काय भाव, बुवांच्या सुनेनं पोळ्यांना बाई का लावली. मंडळातल्या काहींना हे आवडत नाही. म्हणतात, नामस्मरणाला आलो, चहाड्या ऐकायला नाही. मला विचारशील तर त्यांचा हरिपाठ फुकट गेला.”

“आणि ती वही कसली असते हो त्यांच्याकडे?”

“मंडळाची. आम्हीच दिली. कंपनीत पॅकिंगला होत्या ना, हिशेबाला पक्क्या. घरात अडकलेल्या सगळ्यांची नावं त्या वहीत, आणि सकाळी नऊला प्रत्येकाला आजींचा फोन जातो. परवा पिंपरीगावातल्या आजोबांनी उचलला नाही. आजींनी सगळी गल्ली उठवली! चार माणसं दार बडवतायत, आणि आजोबा कानातलं मशीन काढून गाढ झोपलेले. केवढे भडकले! दुसऱ्या दिवशी आजींना जरा उशीर झाला, तर त्यांचाच फोन: ‘आज आमचा नंबर नाही वाटतं?’”

“अगं बाई!”

“ते जाऊ दे, मी वेगळ्याच कामाला थांबवलंय तुला. तुकोबांची पालखी आकुर्डीचा मुक्काम उठवून आपल्याकडून पुण्याला जाते, त्या दिवशी आजींना रस्त्यावर न्यायचंय. खुर्चीसकट. चार जण लागतील. तुझा नवरा?”

“त्यांना फर्स्ट शिफ्ट असणार.”

“बदलून घे म्हणावं. दीर?”

“त्यांची कंबर धरलीय.”

“पालखीच्या दिवशीच धरते का गं ती? बरं, मग तू ये. तीन पाय आम्ही धरतो, चौथा तुझा.”