पासिंगमामा

निगडीची ट्रान्सपोर्टनगरी असो नाहीतर कळंबोलीचं स्टील मार्केट, जिथे रात्री चार ट्रक मुक्कामाला लागतात तिथे एक पासिंगमामा असतोच. त्याला दुकान नसतं. पंक्चरवाल्याच्या शेडखाली एक प्लास्टिकची खुर्ची असते, खिशात दोन पेनं, पेन्सिलीचं एक थोटूक आणि काखेत फुगलेली डायरी. धंदा काय विचारलंत तर म्हणतो, "गाड्या पास करतो." वास्तविक पास करतो तो आरटीओचा साहेब. पण हे मामाला सांगायच्या भानगडीत आजवर कुणी पडलेलं नाही. साहेबही पडलेला नाही.

मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरसाल फिटनेस काढावं लागतं. मुदत टळली की वर भुर्दंड. एवढं सगळं वर्षभर आधी माहीत असूनही मालक उगवतो तो आदल्या संध्याकाळी. "मामा, उद्या पासिंग आहे." मामा चहा संपवतो. मग उठून गाडीला एक फेरी मारतो, तीही मागून पुढे. "तोंड सगळेच धुतात," असं त्याचं मत. फेरी संपेपर्यंत तो अवाक्षर काढत नाही. मालकाचा चेहरा पुरेसा उतरला की मग सुरू होतो.

"प्रेशर हॉर्न काढ. मागचा रेडियम नवीन लाव, लाल. बाजूला पिवळा, पुढे पांढरा. मागच्या वेळी लग्नाच्या गाडीसारखा सगळीकडे लालच फासून आणलावतास. वायपर कुठाय? आणि हे टायर? अरे, गोटे झालेत!"

टायरची काळजी मालकाने करायची नसते. मामाकडे पासिंगचं सामान असतं. नक्षी शाबूत असलेला टायरांचा एक जोड, लाल रंगाचं अग्निशामक नळकांडं आणि प्रथमोपचाराची पेटी. हे सामान या गाडीतून त्या गाडीत फिरत असतं. त्या नळकांड्याने इतक्या गाड्या पास करून दिल्यात की प्रत्यक्ष आग लागली तर कुणाला त्याची आठवण होणार नाही. पेटीत एक कापसाचा बोळा, वाळून खडा झालेली आयोडिनची बाटली आणि कुणा क्लीनरची राहून गेलेली चुन्याची डबी. डबी मामा काढत नाही. पेटी हलवली की आत काहीतरी वाजलं पाहिजे, म्हणजे साहेब उघडत नाही.

मामाचं शास्त्र आहे ते इथे. गाड्यांचा अभ्यास गॅरेजवाले करतात, मामाने आयुष्यभर साहेबांचा केला. कोण साहेब टायरला लाथ मारून बघतो, कोण चेसिस नंबरवर पेन्सिल घासून आलेला ठसा उन्हात धरतो, कोण नुसता ब्रेकलाईटवर अडून बसतो, हे सारं त्या डायरीत आहे. अमुक साहेबांच्या दिवशी गेलं तर इंडिकेटरवर खर्च करायचा, तमुक असले तर खाली वाकून बघतात, तेव्हा स्प्रिंगच्या पाट्यांना ग्रीस मारून न्यायचं. २०१५ साली सरकारने 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी केली तेव्हा पेंटर हवालदिल झाला, मामा नाही. पासिंगच्या आधी ते पुसायचं आणि नंतर पुन्हा लिहायचं, असे दोन दर त्याने त्याच आठवड्यात ठरवून टाकले.

ब्रेक मात्र तो मनापासून बघतो. दयाबुद्धीने नव्हे, भूगोलामुळे. पुण्याच्या गाड्यांना ब्रेक दाखवायला दिवे गावच्या ट्रॅकवर जावं लागायचं. म्हणजे ज्या गाडीच्या ब्रेकची शंका आहे तिने आधी दिवेघाट चढायचा आणि नापास झाली तर त्याच नापास ब्रेकवर तो घाट उतरायचा. उतरताना शेजारच्या सीटवर मामा असे. त्यामुळे लायनर तो स्वतः वाकून तपासत आला आहे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना टेललिफ्ट आली. ट्रकच्या मागे फाळक्याच्या जागी लोखंडी फळी. बटण दाबलं की बॅटरीवरची मोटर पंपाने तेल ढकलते, सिलिंडरचे दांडे पुढे सरकतात आणि फ्रिजसकट फळी वर येते. चाकणच्या एका कंपनीने कळवलं की आमच्या गेटातून आत यायचं तर लिफ्टचं वेगळं प्रमाणपत्र हवं. तेव्हाच्या फॅक्टरी ॲक्टच्या २९व्या कलमात क्रेनसारख्या उचलयंत्रांची बारा महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासणी सांगितलेली होती. टेललिफ्टचं नाव त्यात नव्हतं, पण कंपनीच्या सेफ्टीवाल्यांना नावात रस नव्हता. मामाला मात्र 'सक्षम व्यक्ती' हे शब्द लागले. इतकी वर्षं तो दुसरं काय होता?

त्याने जोरात तयारी केली. फळी फिरोजी रंगवली. रिमोटला नवीन प्लास्टिकची पिशवी, नवीन रबरबँड. केबिनमधल्या लिफ्टच्या स्विचवर ड्रायव्हरने अडकवलेली लिंबू-मिरची काढली. किती किलो पेलते ते सांगणारी पत्र्याची पाटी रंगाखाली गेली, ती चाकूने खरवडून वर काढली. आणि शेवटचा हात म्हणून सिलिंडरचे चकचकीत दांडे त्याला मळकट वाटले, त्यांना चंदेरी पेंट मारला.

तपासायला आली ती एक तरुण बाई. पायात सेफ्टी बूट, हातात टॉर्च. मामाने डायरी उघडली. पान कोरं. चहा आणू का मॅडम, कुठल्या गावच्या, पावसाचं काय खरं नाही, असे ठेवणीतले सगळे विषय काढून झाले. बाईंनी तिकडे लक्ष न देता पिना हलवून पाहिल्या, तेलाचे पाईप वाकवून भेगा शोधल्या, फळीवर वजनं चढवायला लावली, ती कमरेएवढी उचलायला सांगितली आणि फळीच्या कडेजवळ ट्रकच्या बॉडीवर खडूने एक रेघ ओढली. मग स्टूलवर बसून चहा घेतला. मामा जोमाने बोलत राहिला. साहेबाला बोलण्यात गुंतवलं की त्याची नजर हटते, हा त्याचा हातखंडा. पण इथे नजर ठेवायला रेघ होती. चहा संपेपर्यंत फळी रेघेखाली दोन बोटं उतरली होती.

"दांड्यांना रंग कुणी मारला?" बाईंनी विचारलं. रंगाचे पोपडे सीलमध्ये जाऊन रबर कापलं गेलं होतं आणि चंदेरी दांड्यावरून तेलाचा काळा ओघळ उतरत होता. मामाने ओघळाकडे पाहिलं, मग रंगाकडे. "पण दिसतंय छान," तो म्हणाला.

सील बदलून लिफ्ट पंधरवड्याने पास झाली. त्या तपासणीला मामाने पेंटरला फाटकाबाहेरच उभं केलं होतं.

आता त्याच्यापुढे खरं संकट आहे ते स्वयंचलित तपासणी केंद्रांचं. २०२१ साली केंद्र सरकारने त्यांचे नियम काढले. ब्रेक रोलरवर, हेडलाईटचा झोत यंत्रावर, आकडे थेट संगणकात. सक्तीची मुदत पुढे गेली की मामा शेडखाली पेढे वाटायचा. पण मुदत कितीदा ढकलणार? साहेबच नाही म्हटल्यावर डायरीत लिहायचं कुणाबद्दल, असं पंक्चरवाल्याने त्याला छेडलं. मामाने डायरी उघडून दाखवली. नव्या पानावर केंद्राचं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'रोलर सकाळी कडक. जेवणानंतर जरा नरम. सोमवार टाळावा.'