मॉरिसनांचं घर मेयोत नव्हतं

आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो परगण्यात काँग नावाचं गाव आहे. तिथे हॉलिवूडचा नट जॉन वेन याचा पुतळा आहे, नायिका मॉरीन ओहाराला दोन्ही हातांवर उचलून उभा असलेला. 'द क्वाएट मॅन' (१९५२) याच गावात चित्रित झाला. चित्रपट पाहून उठणाऱ्याला वाटतं, गडी आपल्या मूळ गावी परतला. वेनने पडद्यावर साकारलेला शॉन थॉर्नटन परतला, हे खरं. पण वेनच्या वडिलांचं घराणं मेयोचं नव्हे.

मुळात ते वेनही नव्हे. हे नाव १९३० साली 'द बिग ट्रेल'च्या वेळी स्टुडिओने दिलं. जन्मनाव मॅरियन रॉबर्ट मॉरिसन. त्याचे खापरपणजोबा रॉबर्ट मॉरिसन अँट्रिममधून आईबरोबर निघाले, १७९९ साली न्यूयॉर्कला उतरले आणि पुढे ओहायोत स्थिरावले. अँट्रिम ईशान्येला, अल्स्टरमध्ये. सतराव्या शतकात स्कॉटलंडहून येऊन इथे वसलेल्या प्रेस्बिटेरियन कुटुंबांच्या वंशजांना अमेरिकेत स्कॉट्स-आयरिश म्हणतात. मेयोतल्या कॅथलिक खेड्यापेक्षा त्यांचं चर्च वेगळं, इतिहास वेगळा. त्यांना सरसकट 'आयरिश' म्हणून मोकळं होणं म्हणजे अख्खा इतिहास पुसून टाकणं.

आणि रॉबर्टच्या मागे जायचं तर वाट फार बिकट आहे. जहाजावरच्या उतारूंच्या याद्या अमेरिकेने १८२०पासून नियमाने ठेवल्या. तिथल्या जनगणनेत १८५०च्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव. आयर्लंडच्या १८२१ ते १८५१च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या आगीत जळाले. उरतं काय? १७९६ सालची जवस पेरणाऱ्यांची यादी घ्या. लिननच्या धाग्यासाठी जवस पेरलं की बक्षीस म्हणून चरखे मिळत. एकराला चार, पाव एकराला एक. तिच्यात माणसाचं नाव, पॅरिश आणि किती चरखे मिळाले ते सापडतं. बापाचं नाव नाही, बायकोचं नाही. अशा यादीत एखादा मॉरिसन दिसला, तर तो आपलाच हे कशावरून?

तरीही वंशवृक्ष काढणारे थांबत नाहीत. मॉरिसन म्हटलं की थेट स्कॉटलंडच्या लुईस बेटावर उडी मारतात आणि कुळाचं मानचिन्ह छापून मोकळे होतात. अरे, हेच आडनाव स्कॉटलंडमध्येच अ‍ॅबर्डीनशायरमध्ये स्वतंत्रपणे रुजलेलं आहे! नुसत्या आडनावावरून नातं जोडणं ही शुद्ध फसवणूक आहे. ज्या शेतकऱ्याने खरोखर अँट्रिमची जमीन कसली, त्याच्या जागी आपण दुसऱ्याच कुणाला तरी बसवतो.

वंशवृक्ष काढणाऱ्यांना एवढीच विनंती: चर्चच्या नोंदी बघा, जमिनीचे खंडपट्टे बघा, आईकडची बाजूही तितक्याच चिकाटीने शोधा. आणि जिथे कागद संपेल, तिथला पुढचा चौकोन कोरा ठेवा.