शीटचा सातबारा कुणाच्या नावावर?

हडपसरचा माणूस मालकीच्या हिशेबात कच्चा नाही. मगरपट्ट्याच्या सुमारे 120 शेतकरी कुटुंबांनी 1990च्या दशकात चारशेच्या आसपास एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितके त्याचे शेअर, असं कागदावर आणलं. बांध मोडले, पण कुणाचा हिस्सा किती यात घोळ नाही.

त्याच हडपसरात एका काचेच्या इमारतीत सध्या एका शीटचा मालक सापडत नाहीये. ग्राहकांची नावं, फोन, पत्ते, थकबाकी, सगळं तिच्यात. नव्या माणसाने उघडायला घेतली की पडद्यावर येतं, ‘रिक्वेस्ट ॲक्सेस’. बटण दाबलं की विनंती मालकाकडे जाते आणि मालक केव्हाच राजीनामा देऊन बेंगळुरूला गेलाय. जाताना त्याच्याकडून लॅपटॉप, ओळखपत्र, चार्जर मोजून घेतलं, संध्याकाळी आयडी बंद केला. डेटा कुणाच्या नावावर करायचा, हा रकाना एक्झिट फॉर्मात नव्हताच.

तलाठ्याला आपण उगाच नावं ठेवतो. (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. पाटी बदलली, रांग तीच.) त्याची बदली झाली तर दप्तर तो घरी नेत नाही, पुढच्याला चार्ज देतो. खातेदार वारला की वारसनोंद, सहा नंबरला फेरफार, हरकतीची नोटीस. कुणाचा बोजा आहे ते ‘इतर हक्कां’त. इथे कोट्यवधींची उलाढाल, पण मालकी हुद्द्याला नाही, माणसाला चिकटलेली. माणूस गेला, शीट बेवारस.

हक्कांची वाटणीही बघण्यासारखी. व्ह्यूअर, कमेंटर, एडिटर अशी उतरंड आहे खरी, पण मॅनेजरला व्ह्यूअर केलं की त्याचा अपमान होतो. “म्हणजे मी नुसतं बघत बसू?” म्हणून जुने सगळे एडिटर. व्हीपी साहेबांनाही एडिट हवंच होतं. त्यांनी एकदाच हात लावला, फिल्टर लावून विसरले आणि दोन दिवस निम्मे ग्राहक गायब. नव्यांना ॲक्सेस मिळेना, तेव्हा जुन्यांनी दयाबुद्धीने कॉप्या काढून दिल्या, ‘लिंक असेल त्या कुणालाही’ या सढळ हाताने. आता एकाच ग्राहकाची थकबाकी कॉपीगणिक वेगळी, आणि लिंक ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली त्यात गेल्या वर्षीचे इंटर्नही आहेत.

मग ऑडिट आलं. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात डेटाच्या सुरक्षेत हलगर्जी केली तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. आकडा मीटिंगमध्ये वाचला गेला आणि एडिटरांची गर्दी पांगली. सेल्स म्हणालं, आम्ही फक्त भरतो. आयटी म्हणालं, आम्ही फक्त सांभाळतो. फायनान्स म्हणालं, आम्ही तर प्रिंटवरच काम करतो. मालकी बदलायला ॲडमिनला दोन मिनिटं पुरतात. “कुणाच्या नावावर करू?” एवढंच त्याने तिकिटावर विचारलं. तिकीट ‘पेंडिंग’.

ऑडिटरने शेवटी एडिटरांची यादी काढली. त्यात कॅन्टीनवाले मामा निघाले. गणपतीतल्या नाश्त्याची डोकी मोजायला कुणीतरी त्याच शीटमध्ये टॅब उघडून त्यांना एडिट दिलं होतं. रोज तारीख टाकून, एक रकाना न चुकवता शीट भरणारा अख्ख्या इमारतीत हा एकच माणूस. व्हीपी साहेब जातीने खाली गेले. “मामा, कागदोपत्री तुम्हीच ओनर व्हा. काही करायचं नाही, फक्त नाव.”

मामांनी तळणातला वडा परतला. “मालकी राहू द्या साहेब. मागच्या महिन्याचं बिल तेवढं काढा.”