पावती फाडा, नाहीतर गा!

आषाढात नागपुरात पाऊस येवो न येवो, पावतीबुकं येतातच. दारात मंडळाचे चौघे उभे. ‘‘भाऊ, नागद्वारचा भंडारा हाय. पैसे नसन तं तांदूळ द्या. तांदूळ नसन तं तुमीच चाला!’’ तिसरा पर्याय स्वस्त वाटला, म्हणून मी निघालो.

नागद्वार पचमढीच्या डोंगरात, आणि पचमढी नागपूरहून सुमारे २५० किलोमीटर. इंग्रज अमदानीत मध्य प्रांताचं सरकार दर उन्हाळ्यात फायलींसकट नागपूरहून इथं चढायचं. १९५६ साली राज्यांची वाटणी झाली, पचमढी मध्य प्रदेशात राहिली. पण ही बातमी मंडळाच्या कार्यकारिणीपुढे अजून आलेली दिसत नाही. फरक एवढाच, की साहेबलोक गार व्हायला जात आणि आम्ही नागपंचमीच्या सुमारास चिंब व्हायला जातो.

सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया. पायांवर तांदळाचं पोतं, मांडीवर डफ आणि कानात टाळ. एकानं ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. ‘‘मला गाता येत नाही,’’ मी म्हणालो. ‘‘गाता कोनाले येते बाप्पा? वरडा!’’

नागद्वारची वाट सातपुडा व्याघ्र प्रकल्पातली; यात्रेपुरतीच उघडते. हे गाणं ऐकून वाघ दहा दिवस कुठं जात असतील, हा प्रश्न वनखात्याचा. चिखल, निसरडे दगड, मध्येच लोखंडी शिड्या. वाटेत सगळेच एकमेकांचे ‘भगत’. ‘‘भगत, किती राहिलं?’’ ‘‘हे काय, आलंच!’’ सातपुड्यात ‘आलंच’ म्हणजे पुढचे दोन डोंगर.

रात्री ताडपत्रीखाली भंडारा बसला. भात, वरण, आणि मैफल. तिकीट नाही, खुर्ची नाही, माईक असून नसल्यासारखा. डफवाल्यापुढे ताट ठेवलेलं. ज्याला जमेल त्यानं टाकावं. मी ऐटीत नोट टाकून भाताकडे वळलो, तर डफ थांबला.

‘‘भगत, नोट भंडाऱ्याची झाली. गान्याचं काय?’’

ज्यानं खाल्लं त्यानं निदान धरपद तरी धरायचं, हा तिथला कायदा. इथं ऐकणारा वेगळा ठेवलेलाच नाही, सगळेच कलावंत. मी डोळे मिटून ओरडलो. ढोलकीवाला दचकला, पण ताल सुटू दिला नाही.

मग देणगीदारांची नावं पुकारली गेली. तांदूळ देणारे, तेल देणारे, डाळ देणारे. शेवटी माझा नंबर लागला:

‘‘नागपूरचे भाऊ. पन्नास रुपये रोख, आन् आवाज उधार!’’