पायरी ४ आणि काका

काकांचं सॉफ्टवेअर कधीच बिघडत नाही. बहुतेक वेळा ते त्यांनी बसवलेलंही नसतं. त्यांना गोडी असते ती सोबतच्या माहितीपुस्तिकेची. इतर निवृत्त मंडळी सकाळी पेपर घेऊन बसतात. काका मॅन्युअल उघडून बसतात आणि चहा निवायच्या आत त्यांना पहिली चूक सापडते.

मग ती कळवणं. यात काकांचा हात धरणारा कोणी नाही. बाकीची जनता 'चालत नाहीये, अर्जंट!' एवढं लिहून जेवायला जाते. काका पान, परिच्छेद, आवृत्ती सगळं देतात. 'पायरी ४ मध्ये जे बटण दाबायला सांगितलं आहे, ते मागच्या आवृत्तीतच काढून टाकलेलं आहे. सोबतचं चित्र त्याच्याही आधीच्या आवृत्तीचं आहे. अधिक माहितीसाठी जे पान पाहायला सांगितलं आहे, त्या पानावर हेच पान पाहायला सांगितलं आहे. कळावे.' पगार घेणारी माणसंही इतकं नेमकं लिहीत नाहीत, हे मी मान्य करतो. पण ते 'कळावे' वाचून पलीकडच्या पोराला आपण पाचवीत नापास झाल्यासारखं वाटत असणार.

उत्तर येतं, 'धन्यवाद, संबंधित विभागाला कळवलं आहे.' संबंधित विभाग म्हणजे पाताळ. काही दिवसांनी यंत्रच परस्पर तक्रारीचं तिकीट मिटवायला निघतं: 'हालचाल नसल्याने बंद करत आहोत.' काकांना हा डाव पाठ आहे. श्राद्धाची तिथी पाळावी तसे ते मुदतीच्या आत हजर होतात आणि 'अजूनही तसंच आहे' एवढी ओळ टाकून जातात.

त्यांचं दैवत डोनाल्ड क्नूथ. 'द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग' लिहिणारे हे प्राध्यापक आपल्या पुस्तकातली चूक सर्वांत आधी दाखवणाऱ्याला २.५६ डॉलरचा चेक पाठवायचे. २५६ सेंट, म्हणजे षोडशमान पद्धतीतला एक डॉलर. पुष्कळ जण तो वटवायचेच नाहीत, फ्रेम करून भिंतीवर लावायचे. पुढे चेकवरच्या खातेक्रमांकांमुळे फसवणुकीची भानगड झाली, तेव्हा २००८ पासून ते एका काल्पनिक बँकेचं प्रमाणपत्र देऊ लागले. काकांना तेही चालेल. पहिल्या खंडात त्यांनी एक चूक हुडकलीही. पण प्राध्यापकांच्या शुद्धिपत्रात ती आधीच नोंदलेली निघाली. त्या दिवशी काकांना आमटी बेचव लागली.

आणि त्यांचं शल्य म्हणजे १९९६. त्या साली निघालेल्या एचटीटीपी या वेबच्या संवादनियमांच्या दस्तऐवजात 'रेफरर' या इंग्रजी शब्दातला एक 'आर' गळाला, तो गळालाच. जगभरचे ब्राउझर आजही ते अशुद्ध स्पेलिंग इमानाने पाठवतात. "तेव्हा कोणी मला दाखवलं असतं तर..." काका म्हणतात, आणि पुढचं गिळतात.

मागच्या महिन्यात मात्र नवल घडलं. पायरी ४ ची तक्रार मान्य झाली. कंपनीने ती पायरीच काढून टाकली.

"झालं ना मनासारखं?" काकू म्हणाल्या. "चला आता, पानं घेतली आहेत."

काका पडद्याला नाक लावून बसले होते. ५ ची ४ झाली होती, ६ ची ५, ७ ची ६. त्यापुढे पायऱ्या संपल्या होत्या. खाली लिहिलं होतं: 'अडचण आल्यास पायरी ७ पुन्हा करा.'

"तू बस जेवायला," बाह्या सरसावत काका म्हणाले. "मला जरा वेळ लागेल."