आधी तुम्ही करून दाखवा

भुतांमध्ये वेताळाइतकं हुशार कोणी नाही. विक्रमाच्या हाती तलवार, पण वेताळाच्या हाती गोष्टीचे नियम. राजा बोलला की प्रेत परत झाडावर. उत्तर ठाऊक असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं! 11व्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं ‘कथासरित्सागरा’त गोवलेली ही मेख ‘चांदोबा’ मासिकानं मराठी घरांत पोचवली. त्यावरच वाढलेल्या मला सुरतेतल्या आमच्या लिंबायतच्या गणेश मंडळाच्या अध्यक्षांनी गळ घातली, “आरतीनंतर पोरांना एखादी गोष्ट सांगा.”

मी घसा खाकरला, तेवढ्यात चौथीतला एक वेताळ थेट पाठीवर चढला. “सांगायची नाही, करायची! तुमच्या घरापर्यंत न बोलता न्या.”

कोपऱ्यावर लूमच्या खात्यातून सुटलेल्या कारागिरानं विचारलं, “भाऊ, पोराला लागलं का?”

“नाही हो.”

“मामा, तुमी बोलनात!” वेताळ उतरून मंडपाकडे पसार. त्याच्यामागे मी. पुढच्या खेपेला रिक्षावाल्याला ‘सॉरी’ म्हटलं, पुन्हा मंडप. गल्लीतली माणसं अमळनेर-नंदुरबारकडची, त्यामुळे चौकशी केल्याशिवाय कोणी पुढे जाऊ देईना.

कसाबसा जिन्यापाशी पोचलो, तर समोर बायको. “दूध आणलं?”

उत्तर ठाऊक होतं. बोललो तर वेताळ जाणार, गप्प राहिलो तर डोक्याची शकलं. या दुसऱ्या कलमाबद्दल माझ्याइतकी खात्री विक्रमालाही नसेल. “विसरलो,” म्हणालो आणि मंडपाकडे वळलो.

शेवटच्या खेपेला वेताळानंच विचारलं, “मामा, राजानं वेताळाच्या तोंडात बोळा का नाही कोंबला?”

खरंच सुचेना. गप्प राहिलो आणि सुटलो! कथेतला राजाही असाच सुटतो, शेवटच्या कोड्याचं उत्तर न आल्यामुळे. तिथे खूश झालेला वेताळ गुपित फोडतो: तुला प्रेत आणायला पाठवणारा कपटी योगी साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा ‘आधी तुम्ही करून दाखवा’ म्हण आणि त्याचं मुंडकं उडव. आमचा वेताळ कानात कुजबुजला, “अध्यक्ष उद्या पावतीपुस्तक घेऊन येणारेत. म्हणा, आधी तुम्ही भरून दाखवा.”

दुसऱ्या दिवशी ऐटीत म्हणालो. अध्यक्षांनी शांतपणे पुस्तक उघडलं. पहिल्याच पावतीवर त्यांचं नाव, रुपये 1,101.

“दाखवलं. आता?”

त्या योग्यानं वेताळपंचविशी वाचली नव्हती. अध्यक्षांनी वाचली होती.