गोधडी शिवण्याविषयी काही नियम, पोटनियम व खुलासे

नागपुरात ज्या दिवसांत पारा 45 अंशांच्या आसपास मुक्काम ठोकतो, बर्डीचा रस्ता भर दुपारी ओस पडतो आणि खिशात कांदा घातल्यावाचून शहाणा मनुष्य उंबरठा ओलांडीत नाही, नेमक्या त्याच दिवसांत गोधडी शिवावयास बसावे, हा या शास्त्राचा पहिला नियम होय. 'काय करून राहिल्या काकू, एवढ्या उन्हात गोधडी?' असे शेजारची सून विचारील. तिला उत्तर न देता सुई ओवावयास द्यावी. नियमामागील कारणे सबळ आहेत. कुरडया-पापडांचे वाळवण नुकतेच उरकलेले असते, गच्चीवरचे ऊन जुनेराचा कुबट वास एका दिवसात घालविते, आणि बारा ते चार या वेळात कोणासच कोठे जाता येत नसल्यामुळे चारचौघी अनायासे कुलरसमोर सापडतात.

मुद्देमालाची जप्ती घरधनी कचेरीत गेल्यावरच करावी, कारण ज्या सदऱ्याची कॉलर एकदा उलटवून झाली आहे आणि जो गेली कित्येक वर्षे अंगाला लागलेला नाही, त्याच सदऱ्याविषयी त्यांचे ममत्व पंचनाम्याच्या वेळी उफाळून येते. दुसरा धोका बोहारणीचा. स्टीलच्या एका पातेल्यासाठी तीन लुगडी मागणाऱ्या या बाईपुढे भल्याभल्या करारी स्त्रिया नमल्या आहेत. म्हणून तिची हाक ऐकू येताच जमविलेले जुनेर पलंगाखाली सारावे व दार सासूबाईंनी उघडावे.

कापड सुतीच हवे, आणि तेही धुऊन धुऊन मऊ पडलेले. नव्या कापडात खळ असते, ते सुईला दाद देत नाही व पहिल्या धुण्यात आटते. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 रोजी जेथे एम्प्रेस मिल सुरू केली आणि जेथील कोष्ट्यांच्या मागांवर रेशीमकाठी लुगडी विणली गेली, त्या शहरात आज कपाटे धुंडाळता पॉलिएस्टरच अधिक निघावे, हा दैवदुर्विलास आहे. पॉलिएस्टर घाम टिपत नाही, थरात राहत नाही, सारखे निसटते. ते बोहारणीस खुशाल द्यावे.

आजीचे नऊवारी लुगडे हाती असेल तर अर्धे काम झालेच. नऊ वार म्हणजे 27 फूट. त्याची चौपदरी घडी पावणेसात फुटांची, म्हणजे उंचापुरा जावईही पाय न मुडपता निजेल अशी होते. पन्हा एका माणसापुरता असतो, रुंदी हवी असल्यास दुसरे लुगडे जोडावे. पोटात धोतरे, चादरी, सदऱ्यांच्या पाठी भराव्या. मात्र शिवणी उसवाव्या आणि गुंड्या कापून डब्यात टाकाव्या, नाहीतर सुई मोडते. सतरंजीवर सारे थर पसरून कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, जे जड मिळेल ते ठेवावे आणि कच्चे टाके घालून मगच धावदोऱ्यास हात घालावा. कडेने निघून चौकोनात चौकोन घेत मध्याकडे यावे. दर फेरीआधी तळहाताने कापड ताणून घ्यावे, अन्यथा साऱ्या घराचा झोळ मध्यावर येऊन बसतो. बोटात अंगुस्तान घालावे. ते घालून सुई नीट धरता येत नाही असे सर्वजणी म्हणतात, आणि सर्वजणींची बोटे सोललेली असतात.

टाक्याची लांबी किती असावी, याविषयी तज्ज्ञांत मतभेद असले तरी प्रत्यक्षात ती विषयावर अवलंबून असते. भाजीच्या भावाची चर्चा चालू असता टाके तांदळाएवढे, एकसारखे पडतात. कोणाची सोयरीक मोडल्याचा विषय निघाला की ते लांबतात, आणि ती का मोडली हे सांगणारी आवाज खाली आणते तेथे बोटभर जागा कोरीच राहते. ही जागा मागाहून भरू नये. लेकीसुनांनी दोन घटका नुसते बसलेले ज्या घरात खपत नाही, त्या घरात गोधडी हा बसण्याचा रीतसर परवाना असून, पांघरूण हे त्याचे आनुषंगिक उत्पन्न समजावे. गांधीबागेत तयार रजई याहून स्वस्त पडते, असा हिशेब मांडणाऱ्या चिरंजिवास उन्हात रिळे आणावयास पाठवावे.

राहिला विनियोगाचा प्रश्न. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूरचे राजधानीपद गेले. तथापि 1953 च्या नागपूर करारातील अभिवचनामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन आजही येथे डिसेंबरात भरते, आणि त्याच्या मागोमाग मुंबई-पुण्याचे आप्तही येतात. नागपूर म्हणजे भट्टी, या समजुतीने ते एक पातळ चादर घेऊन उतरतात. 29 डिसेंबर 2018 च्या पहाटे येथील पारा 3.5 अंशांवर आला होता, हे त्यांस पहिल्या रात्री सांगू नये. दुसऱ्या सकाळी ते स्वतःच विचारतात. मग गोधडी काढावी, ती कोणाकोणाच्या कपड्यांची आहे याचा तपशील द्यावा, किंमत मात्र सांगू नये. निघतेवेळी 'मामी, ही मी नेऊ का?' अशी विनंती हमखास होते. ती दाखल करून घ्यावी, विचाराधीन ठेवावी, आणि निर्णय पुढील अधिवेशनावर ढकलावा.